अडकलेला गुडघा

सर गेले तेव्हा नागपुरात, आमच्या महाल भागात त्यांची शोकसभा झाली. मी गेले नाही. जागा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ होती, दिवस सुटीचा होता आणि मला कामही नव्हतं. शेजारच्या काकू विचारायला आल्या तेव्हा मी सांगितलं, की मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून येत नाही. आले तर बोलेन. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि त्या एकट्याच गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोण काय बोललं, कोण रडलं ते सगळं सांगितलं. माझी धाकटी बहीण म्हणे सगळ्यांत जास्त रडली.

हे सर म्हणजे आमच्या खो-खो मंडळाचे सर. दिवसा कचेरीत कारकून, संध्याकाळी मैदानावर राजे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, जेव्हा आमच्या भागातली मुलगी एकटी वाण्याच्या दुकानातसुद्धा जात नसे, तेव्हा सर घरोघरी जाऊन बापांशी बोलायचे आणि त्याच घरातल्या मुली हाफपँट घालून मैदानात उतरायच्या. एकाही बापाला सरांबद्दल कधी शंका आली नाही, आणि यावी असं सरांनी काही केलंही नाही. शिकवायचे फुकट. हे सगळं खरं आहे. मी ते नाकारत नाही, आणि नाकारता येत नाही म्हणूनच मला त्यांचा जास्त राग येतो. नुसता वाईट माणूस असता तर केव्हाच विसरून गेले असते.

सरांचे नियम ठरलेले. खेळ संपून प्रार्थना होईपर्यंत कोणी पाण्याला हात लावायचा नाही. पाणी प्यालं की पोट जड होतं, पोट जड झालं की पाय जड होतात, असं ते म्हणायचे. आणि उन्हाळ्याच्या शिबिरात ऊन लागू नये म्हणून प्रत्येकीच्या खिशात एक कांदा हवा. नागपूरचा मे महिना ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून काय कळणार! कांदा खिशात, पाणी माठात आणि मुली उन्हात, असं ते शिबिर चालायचं. एखादी चक्कर येऊन पडली की सर तिच्या नाकाला तिचाच कांदा फोडून लावायचे आणि आईनं सकाळी नीट जेवू घातलं नाही म्हणून आईला बोल लावायचे. मीही त्या मैदानावर बरीच वर्षं खेळले. चूळ भरायची परवानगी मागून त्यातलं अर्धं पाणी गिळायचं, ही युक्ती आम्ही सगळ्याच करायचो.

कॉलेज संपल्यावर मी शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमासाठी अमरावतीला गेले. तिथं शिकवलं ते काही फार मोठं शास्त्र नव्हतं. आधी अंग गरम करा, मग पळा. तहान लागायच्या आधी पाणी द्या. सांधा मुरगळला तर त्याला विश्रांती द्या, बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. पहिल्या दिवशी चोळू नका. आणि अडकलेला सांधा ओढू तर मुळीच नका. एवढंच. पण हे ऐकताना वर्गात बसल्या बसल्या माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, कारण सर यातलं एकूण एक उलटं करायचे. परत आले, एका मुलींच्या शाळेत नोकरीला लागले आणि पहिल्याच आठवड्यात मैदानावर जाऊन सरांना पाण्याबद्दल सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग शिट्टी वाजवली आणि मुलींना मैदानाला आणखी एक फेरी मारायला लावली. त्या दिवसापासून ते मला मास्तरीणबाई म्हणू लागले.

माझी धाकटी बहीण तेव्हा त्यांच्या मंडळात खेळत होती. ती कशी खेळायची ते सांगायलाच हवं. मी बरी खेळायचे. ती वेगळीच होती. खो-खोत मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब असतात, आणि पाठलाग करणारीला त्या खांबाला वळसा घालूनच उलटं फिरता येतं. बाकीच्या मुली तिथं पोचल्या की वेग कमी करायच्या. ही वेग वाढवायची. एका हातानं खांब धरून गरकन फिरायची, आणि पळणाऱ्या मुलीला कळायच्या आत हिचा हात तिच्या पाठीवर असायचा. सर म्हणायचे, हिला विदर्भाच्या संघात घालूनच मी डोळे मिटीन. तिलाही दुसरं काही सुचत नव्हतं. विदर्भाच्या संघात जायचं, बस. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं तेच सांगितलं असतं.

एका संध्याकाळी खांबापाशीच तिचा पाय जमिनीत रुतला आणि अंग पुढं फिरलं. ती पडली. मी कडेला बसले होते, धावत गेले. गुडघा अर्धवट वाकलेला होता आणि काही केल्या सरळ होत नव्हता. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेवढ्यात सर आले आणि मला हातानंच बाजूला सारलं. ते तरुणपणी आखाड्यात जायचे. तिथले पहिलवान एकमेकांचे सांधे ओढून बसवतात, ती विद्या त्यांच्याकडे होती. नस चढली आहे, म्हणाले. तिची टाच काखेत धरली, गुडघा आणखी वाकवला, पाऊल बाहेरच्या बाजूला वळवलं आणि एक झटका दिला. कट्ट असा आवाज झाला. पाय सरळ. बहिणीनं डोळे उघडले, उभी राहिली, चालून पाहिलं, आणि हसली. सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, सर, आज तिला बसू द्या, सांधा सुजेल. सगळ्यांसमोर त्यांनी उत्तर दिलं, "मास्तरीणबाई, तुमच्या पुस्तकातल्या गुडघ्याले सूज येते. आमचा उभा राहिला, पाहून घ्या." मुली खिदळल्या. सगळ्यांत मोठ्यानं माझी बहीणच हसली.

घरी पोचेपर्यंत गुडघ्याची वाटी दिसेनाशी झाली होती. मी रसवंतीवाल्याकडून बर्फाचा तुकडा गोणपाटात गुंडाळून आणला. आई दारातच आडवी आली. "थंड लावून राहिली काय तिले? वात भरंल ना वं, जन्माची लंगडी होईल पोरगी." मी समजावलं, पुस्तक दाखवलं, आवाज चढवला. पालथ्या घड्यावर पाणी. आईनं गरम हळद-तेल चोळलं, वर एरंडाची पानं बांधली आणि बर्फ बादलीत वितळून गेला. दुसऱ्या दिवशी सर येऊन पाहून गेले, आणि सूज म्हणजे वाईट रक्त बाहेर येत आहे असं काहीतरी सांगून गेले. आठवडाभरात ती पुन्हा मैदानावर होती.

काही दिवसांनी गुडघा पुन्हा अडकला. पुन्हा झटका, पुन्हा कट्ट, पुन्हा टाळ्या. मग हे नेहमीचंच झालं. पुढं पुढं ती झटका स्वतःच द्यायला शिकली. मैदानातच खाली बसायची, दोन्ही हातांनी पाऊल धरायची, गुडघा वाकवून, वळवून, एकदम पाय फेकायची, आणि उठून पळायला लागायची. सामन्यांना येणारे लोक त्याची वाट पाहायचे. दुसऱ्या मंडळाचे लोक आपल्या मुलींना सांगायचे, पाहा, याला म्हणतात जिगर. सर तर छाती फुगवून फिरायचे. त्यांनी एक रोग बरा केला होता आणि त्याचा उतारा रोग्याच्याच हातात दिला होता, असं त्यांना खरंच वाटत होतं.

आणि हा उतारा नाही हे पटवून देणं किती कठीण होतं! झटका लागूच पडला नसता, तर दुसऱ्याच दिवशी सगळे म्हणाले असते की सरांना जमलं नाही, डॉक्टरकडे चला. पण झटका दर वेळी लागू पडायचा. डोळ्यांसमोर वाकडा पाय सरळ व्हायचा. त्यासमोर मी काय सांगणार? दार अडकलं आणि लाथ मारून उघडलं म्हणून लाथ म्हणजे सुतारकाम होत नाही, असं मी एकदा बाबांना म्हटलं. बाबा म्हणाले, उघडलं ना दार? मग झालं तर.

मला शंका होती, खात्री नव्हती. ती करून घ्यायला मी एक लबाडी केली. तुला नवी हाफपँट शिवते म्हणून आईच्या शिलाई मशीनची टेप आणली आणि तिच्या दोन्ही मांड्यांचं माप घेतलं. दुखऱ्या पायाची मांडी बारीक झाली होती, डोळ्यांना कळेल इतकी. सांधा आतून दुखत असला की मांडीचे स्नायू काम टाळतात आणि झडत जातात, हे मला शिकवलेलं होतं. टाळ्या वाजवणाऱ्या कोणालाच ते दिसलं नव्हतं. सरांना तर नाहीच. रोज संध्याकाळी तो पाय त्यांच्या समोर पळत होता.

पुढच्या शनिवारी सीताबर्डीला कापड घ्यायला जाऊ म्हणून तिला बाहेर काढलं आणि रिक्षा थेट धंतोलीत नेली, हाडांच्या डॉक्टरांकडे. कपाळाला आठ्या घातलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी तिला पाठीवर झोपवलं, सांध्यावर एक हात ठेवून दुसऱ्या हातानं पाऊल हळूहळू वळवत गुडघा वाकवला-सरळ केला. एका जागी तिनं ओठ चावला. झटक्याबद्दल मी सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं आणि कोण देतं म्हणून विचारलं. ती म्हणाली, मीच देते. अभिमानानं.

मग त्यांनी जे सांगितलं ते इतकं सोपं होतं की शाळेतल्या मुलीलाही कळावं. गुडघ्यात दोन हाडांमध्ये गादी असते. ती फाटली आहे. फाटलेला तुकडा लोंबतो आणि सांध्यात अडकतो, म्हणून पाय सरळ होत नाही. झटका दिला की तुकडा बाजूला सरकतो. बरा होत नाही, सरकतो. आणि प्रत्येक झटक्याला फाट थोडी वाढते, हाडावरचा गुळगुळीत थर थोडा घासला जातो. ऑपरेशन करून गादी काढायची आणि मग मांडीचा व्यायाम करून पाय पुन्हा उभा करायचा. तिनं विचारलं, मग मी खेळीन? डॉक्टर म्हणाले, "आत्ता केलं तर खेळण्याची आशा आहे. असंच चालू ठेवलं तर पुढे फक्त चालण्याची आशा धरायची." तोवर पळणं, वळणं, झटका, सगळं बंद.

 परत आल्यावर घराच्या फाटकाशी रिक्षातून उतरताना ती म्हणाली, "तू मले फसवून नेलं." मी म्हटलं, हो, नेलं. ती तशीच चप्पल न काढता मैदानावर गेली आणि सरांना सगळं सांगून आली.

रविवारी सर आमच्या घरी आले. बाबांना नुसता आनंद. आमची नरखेडकडे थोडी संत्र्याची बाग होती. मृग बहाराची पहिली पेटी दर वर्षी सरांच्या घरी जायची, बामणाला द्यावी तशी. बाबांनी त्यांना खुर्ची दिली, स्वतः पलंगाच्या कडेला बसले. चहा आला. सरांनी बशीत ओतून शांतपणे प्याला आणि मग माझ्याकडं न पाहता बाबांना म्हणाले, "डॉक्टर तर कापाच म्हणंल जी. न्हाव्यापाशी गेलं तर तो केसच कापते. दोन महिन्यांनी विदर्भाची निवड आहे. एकदा निवड होऊ द्या, मग पाहू काय ते."

मी उभी होते. मी म्हटलं, "सर, तुम्ही काय पाहाल? तिची मांडी झडली, ती दिसली नाही तुम्हाला. कान तेवढे कट्ट आवाजाकडं."

बाबा ताडकन उठले. मोठ्या माणसाशी बोलायची ही रीत का, हेच का अमरावतीला शिकवलं, माफी माग. मी माफी मागितली नाही. सर मात्र अजिबात चिडले नाहीत. हा त्यांचा सगळ्यांत संतापजनक गुण होता. ते हसून म्हणाले, राहू द्या जी, लेकरू आहे, नवीन शिकून आलं की होते असं. आणि स्वयंपाकघराच्या दारातून माझी बहीण म्हणाली, "ती जळून राहिली. तिची निवड कधी झाली नाही ना, मग माझी काहून होऊ द्यायची?"

कोणी तिला गप्प बस म्हणालं नाही. मला ते फार लागलं. बरीच वर्षं लागत राहिलं. माझी निवड झाली नव्हती, हे खरंच होतं. जळतही असेन थोडी. तिला खांबाशी वळताना पाहून जिला हेवा वाटला नाही अशी खेळाडू मी पाहिली नाही. पण तिच्या गुडघ्यातली गादी काही माझ्या जळण्यानं फाटली नव्हती. त्या दिवसापासून आम्ही दोघी एका खोलीत झोपत होतो आणि कामापुरतंच बोलत होतो.

निवड चाचणी हिवाळ्यात झाली, नागपुरातच. शाळेनं मला प्रथमोपचाराच्या टेबलावर पाठवलं होतं. म्हणजे मैदानाच्या कडेला एक बाक, त्यावर पट्ट्या, कापूस, आयोडिन, फळ्या, आणि मी आग्रहानं मागवलेली बर्फाची लादी भुश्यात पुरून. सर त्या वर्षी निवड समितीत होते, पलीकडं समितीच्या टेबलाशी बसले होते. सकाळी त्यांनी बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, अडकला तर झटका दे, भिऊ नको. मी ते ऐकलं होतं. ते मला ऐकू यावं म्हणूनच मोठ्यानं सांगितलं होतं.

ती काय खेळली त्या दिवशी! मी तिच्यावर इतकी चिडलेली होते, तरी माझ्या अंगावर काटा आला. समितीतली माणसं पुढं वाकून पाहत होती. एकानं सरांच्या खांद्यावर थाप मारली. तिची निवड तिथंच झाली होती, फक्त डाव संपायचा होता.

डाव संपायला थोडा वेळ असताना खांबापाशी ती वळली आणि बसली. पाहणारे लोक खूश झाले. बऱ्याच जणांनी नुसतं ऐकलेलं होतं, आज पाहायला मिळणार होतं. तिनं पाऊल धरलं, वाकवलं, झटका दिला. आवाज आला नाही. पुन्हा दिला. पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी तिच्या तोंडून असा आवाज निघाला की बसलेल्या मुली उठून उभ्या राहिल्या. पंचांनी खेळ थांबवला.

पलीकडं सर अर्धवट उठले. निवड समितीतल्या माणसानं आपल्याच मंडळाच्या मुलीला मैदानात जाऊन हात लावायचा नाही, असं शेजारच्यानं त्यांना सांगितलं असावं; ते पुन्हा खाली बसले. सर नियमांचे फार पक्के होते. मी पट्ट्या आणि फळ्या घेऊन तिच्यापाशी पोचले.

गुडघा चांगला काटकोनाइतका वाकलेला होता आणि दगडासारखा घट्ट. ती घामानं निथळत होती. तिनं माझा हात धरला. कित्येक आठवड्यांत तिनं मला हात लावला नव्हता.

"ताई, ओढ. तुले येते. तू सरांले पाहिलं आहे."

मला येत होतं. टाच कुठं धरायची, पाऊल किती वळवायचं, कधी झटका द्यायचा, मी इतक्या वेळा पाहिलं होतं की डोळे मिटून दिला असता. कदाचित गुडघा सुटलाही असता. ती उठली असती, उरलेला वेळ पळाली असती, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात विदर्भाच्या संघात तिचं नाव आलं असतं.

"नाही," मी म्हटलं.

"एकदाच, ताई. हा शेवटचा. मग कापू दे डॉक्टरले, मी काही नाही बोलणार."

मी फळी तिच्या पायाखाली सरकवली. गुडघा जसा होता तसाच, वाकलेला, पट्ट्यांनी बांधायला घेतला. अडकलेला सांधा ज्या स्थितीत सापडेल त्या स्थितीत बांधायचा, हे अमरावतीला शिकलेलं वाक्य होतं आणि त्याक्षणी मला तेवढंच आठवत होतं. काय होतंय ते लक्षात आल्यावर ती माझ्या पाठीवर, खांद्यावर बुक्क्या मारू लागली. सर, सर म्हणून ओरडत होती. समोर मुली उभ्या, लोक उभे, पंच उभे. मी मान वर केली नाही. गाठ मारली, माझ्या शाळेच्या मुलींना हाक मारली आणि आम्ही तिला उचलून बाहेर आणलं. तिच्या जागी दुसरी मुलगी मैदानात गेली.

नंतर टेबलावरचं काम संपवून सर कडुनिंबाखाली माझ्यापाशी आले. पहिल्यांदाच त्यांनी मला मास्तरीणबाई म्हटलं नाही. त्यांचे डोळे लाल झाले होते. "एक झटका," ते म्हणाले. "एका झटक्यानं पोरगी संघात असती."

"आणि जन्मभर भिंत धरून चालली असती," मी म्हटलं.

"तुले काय माहीत?"

  एका झटक्यानं काय झालं असतं ते कोणी खात्रीनं सांगू शकत नाही. त्या झटक्यानं काही झालंही नसतं कदाचित. मला एवढंच माहीत होतं की तो झटका माझ्या हातून जाणार नाही. मी सरांना म्हटलं, तुम्ही तिला आधीच माझ्यापाशी सोडलं असतं तर ती आज संघातही असती आणि पायावरही. ते वळून निघून गेले. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुकडा पार उलटून मधोमध रुतला होता, ओढलं नाही हे बरं केलं. ते वाक्य मी घरी आणलं. कोणाला नको होतं. आई म्हणाली, आता झालं ते झालं. बाबा म्हणाले, सरांना यातलं काही सांगू नको, त्यांना वाईट वाटेल. सरांना वाईट वाटेल! बहीण भिंतीकडं तोंड करून पडली होती.

पुढचे कित्येक महिने मी रोज सकाळी तिच्या घोट्याला वाळूची पिशवी बांधायचे. ती ओट्याच्या कडेला बसून पाय सरळ करायची, खाली सोडायची, पुन्हा सरळ करायची. पिशवीत मी हळूहळू वाळू वाढवत नेली. तिनं व्यायाम एकदाही चुकवला नाही आणि व्यायाम करताना एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. मांडी भरून आली. ती जिने चढू लागली, मग मांडी घालून बसू लागली. एका संध्याकाळी मी तिला मैदानावर चल म्हटलं, हळूहळू सुरुवात करू म्हणून. ती म्हणाली, सर बोलावतील तर जाईन. सरांनी बोलावलं नाही. कापलेला गुडघा कामाचा नसतो असं त्यांचं मत होतं, आणि खांबासाठी त्यांनी दुसरी मुलगी तयार केली होती. पुढच्याच उन्हाळ्यात बाबांनी तिचं लग्न ठरवलं. मुलगा नरखेडकडचाच, संत्र्याच्या बागांचा. माझं लग्न लांबलं होतं, त्यावरून बोलणारे बोलले. मला त्याचं काही वाटलं नाही.

लग्नात सर पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. पाठवणीच्या वेळी बहीण एकेकाच्या पाया पडत मांडवातून निघाली. आत्या, मामा, काका, सगळ्यांना वाकून नमस्कार. सरांपाशी आली आणि तिथं ती नुसती वाकली नाही. अंगावर तो जड शालू, तरी सरळ खाली बसली. दोन्ही गुडघे पूर्ण मोडले, डोकं त्यांच्या पायांवर टेकवलं आणि तशीच राहिली, बराच वेळ. सर रडायला लागले. मग ती उठली. ऑपरेशन झालेल्या उजव्या गुडघ्यावर भार देऊन, कशाला न धरता, एका दमात. गुडघा कुठंही अडकला नाही. मी तेवढंच पाहत होते.

त्यांच्या शेजारच्या खुर्चीशी मी उभी होते. मला तिनं उभ्यानंच हात जोडले आणि ती गाडीत जाऊन बसली.